मडगार्डवरचा हिरवा गोल

थांबा. चहा नंतर, जेवण नंतर, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं, नाहीतर माझ्या पोटात राहणार नाही. अजून कोट अंगावर आहे, एका हातात ग्लोव्ह आहे, दुसऱ्या हाताने टाइप करतेय, तेव्हा चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

ग्लासगोमध्ये बाहेर अंधार पडलाय, म्हणजे संध्याकाळचे जेमतेम पाच. आणि माझ्या खिडकीखालून ह्या वर्षीचा पहिला ग्रिटर गेला. इकडे नवीन असाल तर सांगते, थंडी कडक पडायला लागली की कौन्सिलचा पिवळा ट्रक रस्त्यावर जाडं, तांबूस मीठ उधळत जातो, बर्फ धरू नये म्हणून. कडेला उभ्या गाड्यांच्या दारांवर ते मीठ तडतडतं, फोडणीत मोहरी टाकल्यासारखं. माझ्या ऑफिसातल्या मुलींना तो आवाज ऐकला की ख्रिसमसची शॉपिंग आठवते. मला गंज आठवतो. मीठ लागलं की जुना पत्रा खलास, आणि इथून लांब, बर्मिंगहॅमला, माझ्या काकांच्या गॅरेजमध्ये माझी एक गाडी आहे, जिच्या पत्र्यावर माझा जीव आहे.

तर ग्रिटर गेला, आणि तेवढ्यात फोन वाजला, आणि मी एका माणसाला "नो" म्हटलं. इतक्या जोरात की खालच्या फ्लॅटमधलं कुत्रं भुंकायला लागलं.

आता सगळं सांगते.

चार वर्षांपूर्वी मी पुण्याहून वर्क परमिटवर आले आणि बर्मिंगहॅमला मावशीकडे राहिले. माझी सख्खी मावशी, आणि काका म्हणजे तिचे मिस्टर. काकांनी तिथल्या एका गाड्यांच्या कारखान्यात सगळी नोकरी पेंट शॉपमध्ये काढली. आधी स्प्रे गन हातात, मग पुढे इन्स्पेक्शन. नवीन रंगवलेलं दार त्यांच्यासमोर यायचं, ते हात फिरवायचे, मान हलवायचे किंवा परत पाठवायचे. मी गेले तेव्हा तो कारखाना बंद पडून वर्ष झालं होतं. काका घरी होते. मावशी त्यांच्या पाठीमागे म्हणायची, "घरातलं सगळं रंगवून झालंय ग. आता माझ्या तोंडाकडे बघतात तेव्हा भीती वाटते."

आणि मी काय केलं, तर घराच्या डिपॉझिटसाठी साठवत होते त्या पैशांनी एक पुन्हा कधीच न रंगवलेली गाडी घेतली. अमेरिकन मसल कार. एकोणीसशे एकोणसत्तरची. दोन दारं, लांबलचक बॉनेट, आत आठ सिलेंडरचं इंजिन, स्टिअरिंग डावीकडे. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, लिहिलं तर खाली कमेंट्समध्ये मारामारी होईल आणि माझी गोष्ट कोणी वाचणार नाही.

ती मिळाली हेरफर्डशरमध्ये, एका फार्मवर. सप्टेंबर होता. तिकडे सफरचंदांच्या बागाच बागा, सायडर नावाच्या दारूसाठीची लहान आंबट सफरचंदं, झाडाखाली लाल सडा. गाडीची मालकीण एक म्हातारी विधवा बाई. तिच्या नवऱ्याने ती गाडी एका अमेरिकन एअरमनकडून घेतली होती, तो इथल्या हवाई तळावरची ड्यूटी संपवून मायदेशी निघाला होता आणि गाडी परत न्यायचा खर्च त्याला परवडत नव्हता. नवरा गेला तशी गाडी शेडमध्ये गेली. बाईंनी तिचा उपयोग काय केला असेल? मागच्या सीटवर सफरचंदांच्या पेट्या ठेवल्या. वर्षानुवर्षं. "उंदीर शिरत नाहीत हिच्यात," त्या म्हणाल्या, "दारं फार छान बंद होतात." मी दार उघडलं आणि आतून जो वास आला ना! जुनं रेक्झिन, पेट्रोल, आणि पिकलेलं सफरचंद. अजूनही बाजारात सफरचंद नाकाला लावलं की मला आठ सिलेंडर ऐकू येतात. हसू नका.

रंग हिरवा. म्हणजे होता. वरून सगळा खडूसारखा पांढरट झालेला, बोट फिरवलं की बोटाला पावडर. चाकांवरच्या कमानींना गंजाची नक्षी. ड्रायव्हरच्या सीटवर सिगरेटने पडलेलं भोक, मागच्या बंपरवर त्या तळाचा अर्धा निघालेला स्टिकर. आणि ह्या सगळ्याला कोणी हात लावलेला नाही! फोरमवर रात्रंदिवस वाचून मला एवढं कळलं होतं की अशा गाडीची किंमत उलटी लावतात. बाकी गाड्यांमध्ये काय काय केलं त्याचे पैसे, आणि हिच्यात काय काय *केलं नाही* त्याचे. रंग दिला नाही, सीट बदलली नाही, ठोकून सरळ केली नाही. एकदाच ओरिजिनल असता येतं. नंतर फक्त सुंदर होता येतं.

पण ओरिजिनल आहे हे ओळखायचं कसं? पत्र्याला खड्डा पडला की गॅरेजवाले त्यात लांबी भरतात, म्हणजे पुट्टी, आणि वरून रंग मारतात. दिसत काहीच नाही, पण लांबीला लोहचुंबक चिकटत नाही. म्हणून बघायला जाताना लोहचुंबक न्यायचं. माझ्याकडे कुठलं? मी मावशीच्या फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट काढून नेला. ओरखडे नकोत म्हणून काकांच्या रुमालात गुंडाळला. आणि त्या शेडमध्ये, कोंबड्या पायात येत असताना, दारं, मडगार्ड, डिकी, सगळीकडून गणपती फिरवला. टक. टक. टक. प्रत्येक ठिकाणी चिकटला. काका छत्री धरून मागे उभे होते, तोंडावर नाराजी स्पष्ट.

"झालं का दर्शन?"

"काका, एक ग्रॅम लांबी नाहीये हिच्यात!"

"लांबी नाही, रंग नाही, ब्रेक नाही. गणपती तेवढा आहे. घे मग."

घेतली. ट्रेलरवरून आणली. काकांच्या गॅरेजमध्ये तेव्हा तांदळाच्या गोण्या, रिकाम्या सुटकेसेस आणि थर्माकोलचं गणपतीचं मखर होतं, ते सगळं माझ्या खोलीत गेलं आणि मी मखराच्या शेजारी झोपायला लागले. गाडी एवढी लांब की मागच्या भिंतीला गोधडी लावून बंपर तिला टेकवला तेव्हा कुठे दरवाजा खाली आला. नवीन बॅटरी, ताजं पेट्रोल, खूप खोकून झाल्यावर ती पहिल्यांदा सुरू झाली, तेव्हा स्वयंपाकघरात मांडणीवरच्या वाट्या आपोआप वाजायला लागल्या. मावशी झारा घेऊन बाहेर आली. "अहो, भूकंप!" शेजारचे मिस्टर सिंग कुंपणावरून नुसते हात जोडून हसत होते.

आणि मग सगळ्यांची एकच टकळी. रंग कधी देणार? ऑफिसातला प्रत्येक मुलगा, मावशीच्या भिशीतल्या बायका, पुण्याहून आई फोनवर. आईचं तर वेगळंच. त्याच महिन्यात तिने माझा लग्नासाठीचा फोटो स्टुडिओत देऊन नीट करून घेतला होता. माझ्या भुवईपाशी कांजिण्यांचा एक खड्डा आहे, तो फोटोवाल्याने भरला. रंगही उजळवला. ईमेलमध्ये तो फोटो उघडला आणि मला कळेना की ही गोड मुलगी कोण. मी फोन केला. "आई, माझ्यात लांबी भरलीस तू." तिला काही कळलं नाही, पण मी तिला तो फोटो कोणाला पाठवू दिला नाही. त्या ऑटममध्ये मी सगळ्यांनाच नाही म्हणत होते. अंगात आलं होतं म्हणा.

फक्त काकांना नाही म्हणणं जड जायचं. ते जेवण झालं की गॅरेजमध्ये जायचे, दिवा लावायचे, आणि त्या खडूसारख्या मडगार्डसमोर उभे राहायचे, जसं कोणी आजारी माणसासमोर उभं राहतं. एकदा म्हणाले, "रेवा, मी काही फुकट नोकरी नाही केली. एक महिना दे मला. अशी करून देतो की तिच्यात बघून भांग पाडशील."

"काका, मला ती आहे तशी हवी."

"आहे तशी म्हणजे कशी? आजारी?"

"म्हातारी."

"म्हाताऱ्यांना काय आंघोळ घालत नाहीत?"

शेवटी आमच्यात ठरलं. इन्शुरन्ससाठी व्हॅल्युअर बोलवायचाच होता, क्लासिक गाड्यांची किंमत ठरवून देणारा माणूस. तो म्हणाला रंगवा, तर काका रंगवणार आणि मी एक शब्द बोलणार नाही. तो म्हणाला रंगवू नका, तर काका पुन्हा कधी विषय काढणार नाहीत. हातावर हात मारून ठरलं. मावशी साक्षीदार.

मग दसरा आला.

तिकडे दसऱ्याला सुट्टी नसते, मी ऑफिसला गेले. ट्रेनमध्ये बसून आईला फोन केला, खिडकीबाहेर कॅनॉलच्या कडेची झाडं पिवळी पडलेली. संध्याकाळी घरी आले तर दारात झेंडूचं तोरण, सोहो रोडवरच्या देशी दुकानातून आणलेलं. मावशीने बागेतल्या गिंकोच्या झाडाची पानं आणून ठेवलेली, कारण आपटा इथे कुठून मिळणार, आणि गिंकोचं पानही तसंच मध्ये चिरलेलं, दोन पाकळ्यांचं. गॅरेजमध्ये पाटावर काकांची जुनी स्प्रे गन, तिला हळदकुंकू. आणि गाडी धुतलेली. बॉनेटवर हार.

आणि डाव्या मडगार्डवर, चाकाच्या वर, जेवायच्या ताटाएवढा एक गोल. हिरवागार. ओल्या पानासारखा, आत बघितलं तर ट्यूबलाईट दिसावी असा. बाकी सगळी गाडी खडू, आणि मध्ये हा गोल.

काका हातात फडकं आणि रबिंग कंपाऊंडचा, म्हणजे घासायच्या पेस्टचा, डबा घेऊन उभे होते. चेहरा... तो चेहरा मी त्या घरात आधी कधी बघितला नव्हता.

"बघ! रंग नाही दिला हं, शब्द पाळला. नुसतं घासलं. दसऱ्याला गाडी अशी ठेवतात का? बघ आत काय आहे ते. चाळीस वर्षं झाकून बसली होती."

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. "तुम्ही तिची वाट लावलीत" हे त्यातलं सगळ्यात सौम्य. काकांनी फडकं खाली ठेवलं. मी वर जाऊन मखराशेजारी उताणी पडले. थोड्या वेळाने मावशी गिंकोचं पान घेऊन आली, माझ्या हातावर ठेवलं, "सोनं घे," म्हणाली. मग पलंगाच्या कडेला बसली.

"रेवा, तुझं बरोबर असेल. मला गाडीतलं कळत नाही. पण आज सकाळपासून त्यांनी मला एकदाही हाक नाही मारली. चहा झाला का, टपाल आलं का, कोणाचा फोन, काही नाही. शिट्टी वाजवत होते ग."

मी तरीही खाली गेले नाही. हट्ट म्हणजे हट्ट.

पुढच्या आठवड्यात व्हॅल्युअर आला. टाय, गुडघ्यांना लावायची गादी, आणि गंमत म्हणजे त्याच्याकडेही मोज्यात घातलेलं लोहचुंबक. तो गाडीखाली गेला, काचांच्या कोपऱ्यातले छापलेले आकडे वाचले, सीट हुंगली. "ॲपल्स?" म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. काका गॅरेजच्या दारात हाताची घडी घालून उभे.

तो म्हणाला, ही गाडी रंगवणं म्हणजे गुन्हा आहे. अशा आता राहिल्या नाहीत. मी जिंकले! मी काकांकडे बघितलं, आणि त्याच वेळी तो माणूस त्या गोलापाशी वाकला.

"हे अलीकडचं आहे," तो म्हणाला. "अरेरे. आणि इथे कड गेलीय."

त्याने टॉर्च धरला. मडगार्डला जी वळणाची रेघ असते, जिथे पत्रा दुमडतो, तिच्यावर गोलाच्या काठाला नखाएवढी एक करडी कोर दिसत होती. रंगाखालचा प्रायमर, म्हणजे अस्तर. कडेवर रंग पातळ असतो, तिथे जोरात घासलं की तो जातो, आणि गेला की गेला. मला ते दिसलंच नव्हतं आधी. काकांना दिसलं होतं का? त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की नाही, आत्ता दिसलं. ह्याच चुकीसाठी त्यांनी आयुष्यभर दारं परत पाठवली होती.

"माझं काम," काका इंग्लिशमध्ये म्हणाले. "मी कड खाल्ली." आणि आत निघून गेले.

व्हॅल्युअर तसा भला माणूस होता. हळू आवाजात म्हणाला, आता अनटच्ड, म्हणजे हात न लावलेली, म्हणता येणार नाही, आकडा खाली येईल. पण उपाय आहे, थोडं काहीबाही चोळून तो गोल पुन्हा मळवता येतो, कोर झाकता येते. बरेच जण करतात. कोणाला कळत नाही.

आणि बघा, इथे माझं डोकं फिरलं. एक आठवडा मी त्या गोलाकडे बघितलंही नव्हतं, काकांशी धड बोलले नव्हते. पण हा परका माणूस म्हणाला की कोणाला कळत नाही, आणि मला तो स्टुडिओतला फोटो आठवला. भरलेला खड्डा. सिगरेटचं भोक चालतं तुम्हाला, ते इतिहास. त्या एअरमनने बेफिकीरपणे जाळलेली सीट इतिहास, आणि ज्या माणसाने जन्मभर ह्या देशाच्या गाड्या रंगवल्या, त्याने दसऱ्याला प्रेमाने घासलेला हातभर पत्रा म्हणजे डॅमेज?

"नाही मळवायचा," मी म्हटलं. "आहे तसा लिहा."

"आकडा कमी होईल, मिस."

"होऊ दे की! माझी गाडी आहे."

त्याने खांदे उडवले आणि खालचा आकडा लिहिला. मी स्वयंपाकघरात गेले. काका कोथिंबीर निवडत बसले होते, जी ते कधी निवडत नाहीत. मला बघून म्हणाले, "सगळं मडगार्ड रंगवून देतो. कोणाला ओळखू येणार नाही असं. खर्च माझा."

"काका, आपलं काय ठरलं होतं? तो म्हणाला रंगवू नका. विषय बंद."

"पण माझ्यामुळे..."

"विषय बंद!"

मावशी पाठमोरीच म्हणाली, "साक्षीदार आहे मी. बंद म्हणजे बंद. ती कोथिंबीर द्या इकडे, सगळी देठं ठेवलीयत." पण काकांचे हात थांबलेच होते. ते त्यांना पटलं नाही. पुढे कित्येक दिवस ते गाडीच्या डाव्या बाजूने जायचेच नाहीत.

मग थंडी आली, मीठ आलं, गाडी गोधडीला बंपर टेकवून आत झोपली, आणि मार्चमध्ये दोनतीन मोठे पाऊस पडून रस्ते धुतले गेल्यावर, ब्रेक तेवढे नीट करून घेऊन, आम्ही तिघं पहिल्यांदा फिरायला निघालो. मावशी मागे, थर्मास मांडीवर, "हळू ग, हळू" म्हणत. खिडक्या खाली. सगळ्या सिग्नलवर लोक वळून बघतायत. एका सिग्नलला शेजारच्या व्हॅनमधला माणूस ओरडला, "लव्ह, हिला पेंट कधी करणार?" मी तोंड उघडायच्या आत काका, हो काका, काच अजून खाली करून ओरडले, "नेव्हर!" मावशीने सांडलेला चहा पुसला.

पण काकांच्या मनातून सल गेला नव्हता, हे मला आज कळलं.

मला गेल्या वर्षी ग्लासगोला नोकरी लागली. इथे रस्त्यावर पार्किंग, गॅरेज नाही, आणि मीठ तर विचारूच नका. गाडी काकांकडेच राहिली. सगळे म्हणतात विक. हल्ली मीही म्हणायला लागले होते, खरं सांगते. लंडनचा एक माणूस ती बघायला बर्मिंगहॅमला गेला, काकांनीच गॅरेज उघडून दाखवली. त्याचाच आत्ता फोन होता. आकडा त्याने चांगला सांगितला, त्या व्हॅल्युअरच्या आकड्यापेक्षा बराच वर. मी जवळजवळ हो म्हणत होते. मग तो म्हणाला, "तुमचे अंकल बिचारे फार सॉरी म्हणत होते त्या पॅचबद्दल. त्यांना सांगा, काळजी करू नका, माझा माणूस तो घालवून टाकेल. कधी होता असं वाटणारही नाही."

तीन वर्षं! तीन वर्षं हा माणूस अनोळखी लोकांना सॉरी म्हणत उभा आहे, माझ्या गाडीपाशी!

तेव्हा मी "नो" म्हटलं. ते कुत्र्याने ऐकलं ते.

आणि लगेच बर्मिंगहॅमला फोन लावला. मावशीने उचलला, मी म्हटलं काकांना दे.

"काका, गाडी विकली नाही."

"का? आकडा कमी पडला? मी सांगितलं त्याला, दोष माझा..."

"तो गोल घालवणार म्हणाला. तो गोल घालवायचा असेल तर गाडी मिळणार नाही, असं सांगितलं त्याला. ऐका, तुम्ही परत कोणाला सॉरी म्हणायचं नाही. आणि तीन वर्षांत तो परत खडू व्हायला लागलाय, मी दिवाळीला आले तेव्हा बघितलं. कोण निगा राखणार त्याची? तेवढा गोल तुमचा. बाकी गाडीला हात लावायचा नाही हं, सांगून ठेवते."

मागे मावशीचा कुकर.

मग काका म्हणाले, "कड सोडून घासीन."

आणि मग, जरा लांबून, मावशीला, "अगं, ते मऊ फडकं कुठे ठेवलंस? नाही, आत्ता. आत्ताच हवंय."

आणि शिट्टी. आधी मला कळलंच नाही काय आहे ते. फोन ठेवायला विसरले होते ते, आणि गॅरेजकडे जाताना शिट्टी वाजवत होते.

म्हणून कोट न काढता टाइप करतेय. डिपॉझिट नाही, घर नाही, मडगार्डला एक नखाएवढी कोर आहे जी कधी भरणार नाही, आणि बाहेर मीठ पडतंय, पडू दे. मला फक्त एक विचारायचंय, आणि प्लीज लिहा, मी सगळं वाचते. तुमच्याही घरात आहे का असं काही, जे सगळे म्हणतात नीट करून घे, झाकून टाक, कोणाला कळणार नाही, आणि तुम्ही मात्र त्याच्यासमोर हात आडवा धरून उभे आहात? झालंय असं तुमचं?